चार बोटं वर

जमनाबायच्या अंगणात बघ्या म्हणून शिरलेला माणूस कामकरी होऊन बाहेर पडायचा. त्या वर्षी नरपडला बघे पुष्कळ आले. डहाणू रोडला गाडीतून उतरून, टांगा करून, बुटांत वाळू भरून घेत यायचे आणि कुंपणाशी उभे राहून विचारायचे, "ती शेळीसारखी चालणारी मुलगी इथंच असते ना?" जमनाबाय मान वर न करता म्हणायची, "इथंच. बसा. ती टोपली ओढा पुढ्यात." टोपलीत सुकट असायची. तिच्यातले शिंपल्यांचे तुकडे आणि बारके खेकडे वेचून वेगळे काढायचे. "हात चालू ठेवा. ज्याचे हात थांबले तो उठला." काळा कोट घातलेले एक वकील दीड तास सुकट निवडत बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. मुलगी त्यांना दिसलीच नाही. ती आत झोपली होती आणि ते त्यांना सांगायची जमनाबायला गरज वाटली नाही.

हे बघे माझ्यामुळे आले होते. ते पुढे कबूल करणारच आहे, पण आधी जमनाबाय.

मुंबई राज्य अजून एकत्र होतं तेव्हाची गोष्ट. मी साताऱ्याकडचा, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं आणि नरपडच्या प्राथमिक शाळेत बदली झाली. जमनाबायच्या घरासमोर मला खोली मिळाली. पहिल्या दिवशी मी तिला अदबीनं "तुम्ही" म्हणालो, तर तिनं मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "माझ्याबरोबर आनखी कोन आलंय?" तेव्हापासून मी तिला "बाय" आणि "तू" म्हणू लागलो. ती मला "मास्तर" म्हणे. गावातल्या कुत्र्यालाही ती त्याच आवाजात हाक मारी, त्यामुळे मी फार फुशारलो नाही.

नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा होडीवर, घरात सून लखू. जमनाबाय पन्नाशीची असेल. कासोट्याचं लाल लुगडं, दातांना मिश्री, आणि चाल अशी की बरोबरच्याला पळावं लागे. दुकानदाराशी गुजरातीत भांडे, पोलिसाशी हिंदीत, आणि समुद्राशी आपल्या बोलीत. गाव काय म्हणेल याची तिला पर्वा नव्हती असं नाही. गाव काय म्हणतं ते ती नीट ऐकून घेई आणि मग उलट करी. "विचारून चूल पेटवायची म्हटली तर जेवायला दिवाळी उजाडेल," हे तिचं नेहमीचं.

सुकी मासळी घेऊन ती तलासरीच्या बाजूला पाड्यापाड्यांतून फिरे आणि बदल्यात भात, नाचणी घेऊन येई. एका कार्तिकात ती दुपारीच परतली, कुणाची तरी बैलगाडी करून. गाडीत भाताची गोणी नव्हती. लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. अंगणात उतरवल्यावर ते लुगड्यातून सुटलं आणि हातांपायांवर धावत होडीच्या फळ्यांखाली शिरलं. मला आधी जनावरच वाटलं. खोटं कशाला बोलू?

सात-आठ वर्षांची मुलगी होती. केसांच्या गाठी झालेल्या, गुडघ्यांवर आणि तळहातांवर टाचेसारखी जाड कातडी. ताटलीतला भात तोंड घालून खायची. कुणी जवळ गेलं की चावायची. लखूच्या मनगटावर तो वण पुढे कायम राहिला. बोलत नव्हती. रडतही नव्हती, आणि माझ्या मनातून आजवर जात नाही ते हेच. पडली, लागलं, रक्त आलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी नसे. रडून कुणी येत नाही हे तिला फार आधी कळलं असावं. आवाज करी तो करडासारखा, बारीक आणि तुटका.

गाव जमलं. "कुठून आणलीस?" जमनाबाय म्हणाली, "सापडली." एरवी वाटेत सापडलेल्या खिळ्याचीही ती तासभर कथा सांगायची. दुसऱ्या दिवशी मी एकटा गाठून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "कुठून आनली ते बोलले तर ते न्यायला येतील. मी ही पोर देनार नाय. एवढं समज नि गप बस."

तेवढ्यात तलासरीकडूनच एक गोष्ट चालत आली. म्हणे वाघिणीनं तान्ही उचलून नेलेली पोर, जंगलात वाढली. ही गोष्ट लोकांना फार आवडली. आयाबाया येऊन दुरून हात जोडू लागल्या. "बिचारी!" म्हणू लागल्या. तो शब्द जमनाबायला खपत नसे. "बिचारी बोलायचं नि घरी जाऊन मजेत जेवायचं. एवढा कळवळा आलाय तर तिचं डोकं धरा, मी उवा काढते." बिचारी म्हणणाऱ्या बायका मग फार वेळ थांबत नसत.

तिनं पोरीला शिकवलं कसं, ते सांगतो. शिकवणं हा माझा धंदा. पण त्या अंगणात मी जे पाहिलं ते ट्रेनिंग कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

बोंबील सुकवायला बांबू रोवून त्यांच्यामध्ये दोर ताणतात, त्याला तिकडे वलांडी म्हणतात. दोन बोंबील घ्यायचे, दोघांचे जबडे उघडून एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरावर टांगायची. गाठ नको, सुतळी नको. नरपडच्या पोरी हे चौथ्या-पाचव्या वर्षीच करू लागतात. ही मुलगी दिवसभर वलांड्यांखालून हातांवर रांगायची, खाली पडलेला बोंबील तोंडानं उचलायची. जमनाबायनं तिला एकदाही उभी केली नाही. बगलेत हात घालून उभी करायला मी गेलो, तर माझ्या पाठीत ओल्या जाळ्याचा फटका बसला. "तुना कोनी असं उचललं तर?"

तिनं काय केलं, एक दोर अगदी खाली बांधला, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या छातीला लागेल इतका. त्याच्यापुढं स्वतः बसली आणि बोंबलांच्या जोड्या अडकवू लागली. पोरीकडे बघायचं नाही, बोलवायचं नाही. रोज. पंधरा-वीस दिवसांनी पोर जरा दूर येऊन बसली. मग एका सकाळी तिनं एक बोंबील उचलला, हातानं, आणि दुसऱ्याच्या तोंडात खुपसला. जोडी दोरावर टिकली नाही. जमनाबायनं मान वर केली नाही. तिचे हात मात्र थांबले. ते थांबलेले मी त्या एकदाच पाहिले.

पोरीला तो चाळाच लागला. मग दर आठ दिवसांनी जमनाबाय तो दोर चार बोटं वर घेऊ लागली. पोरीला आधी उकिडवं बसावं लागलं, मग गुडघ्यांवर ताठ, मग बांबूला धरून अर्धवट उभं. कधी रागावून ती दोर चावायची, दिवस दिवस जवळ यायची नाही. जमनाबाय दोर खाली आणत नसे. "बोंबील खाली येनार नाय. तिना वर यायला पायजे." माघ सरता सरता ती मुलगी दोन पायांवर उभी राहून, पाठीत वाकून का होईना, बोंबील टांगत होती. लखू दारात उभी राहून रडली. मीही रडलो असेन. खारा वारा होता.

त्यानंतर आठवड्यानं जमनाबायनं बारसं काढलं. आळीतल्या बायका हसल्या. "एवढ्या मोठ्या पोरीचं बारसं कोन करतं?" जमनाबाय म्हणाली, "नाव नाय ती मोठी कशी? जन्माला यायचीच हाय ती." पाळण्यात मावेना म्हणून जुन्या जाळ्याची झोळी दोन बांबूंना बांधली. आत्या नव्हती, म्हणून कानात नाव लखूनं सांगितलं, चावल्याचा वण असलेल्या हातानं तोंड आडवून. हरकू. मुलगी झोळीत आडवी पडून आभाळाकडे बघत होती आणि पायाच्या अंगठ्यानं जाळ्याची भोकं चाचपत होती. हसणाऱ्या बायकांनी घुगऱ्या दोन-दोनदा मागून खाल्ल्या. मीही खाल्ल्या.

आणि या सगळ्यात मी माती कालवली.

हौस दांडगी होती माझी. ठाण्याच्या एका साप्ताहिकाला मी लेख पाठवला, मथळा दिला 'डहाणूची वनकन्या'. वाघीण घातली, घनदाट अरण्य घातलं, चांदणंही घातलं. छापून आल्यावर मोठ्या ऐटीत जमनाबायला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला.

"मास्तर, वनानं हिचं काय वाकडं केलं?"

मी अंकाची घडी घालू लागलो.

"वन माझ्या पायाखालचं हाय. तिथं पोर एकटी सापडली तर पाड्यावरची मानसं घरी नेतात, पेज पाजतात. वनात हिची अशी दशा झाली नसती. मानसांत झाली. तू वनाला बट्टा लावलास नि मानसांना सोडून दिलंस. शिकलेला ना तू?"

मला आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलं, वरिष्ठांनी लेखी शेरेही दिले. एवढं लागलं नाही कधी.

लेखामागोमाग बघे आले. त्यांच्यामागून जत्रेत तंबू लावणारा एक माणूस आला; त्याच्या डोक्यावर जमनाबायनं मासळी धुतलेलं पाणी ओतलं आणि तो गेला. पण मुंबईहून एक डॉक्टर आले ते असे जाणारे नव्हते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी हरकूची हाडं मोजली, कानाशी घंटा वाजवली, आणि मला सांगितलं, "भाषा शिकायचं वय निघून गेलंय. ही पूर्ण बोलणार नाही कधी. इथं काय होणार तिचं? संस्थेत ठेवू, अभ्यास होईल." जमनाबायला मी ते समजावलं. ती म्हणाली, "वय गेलं तर गेलं. पोर तर हाय ना?" डॉक्टरांनी अर्ज केला. मुलीला कुणी वाली नाही, जंगलात सापडलेली आहे, सबब ताब्यात मिळावी. डहाणूच्या मामलेदार कचेरीत तारीख लागली. पुरावा म्हणून अर्जाला माझा लेख जोडला होता.

जमनाबाय माझ्या दारात आली. "तू लिवलंस, तूच पुसायला चल."

तारखेच्या दिवशी डहाणूच्या बाजारातून आम्ही कचेरीकडे निघालो. हरकू तिचा हात धरून दोन पायांवर चालत होती. गर्दी बघून ती बिचकली आणि एकदम खाली हातांवर आली. लोक हसले. जमनाबायनं तिला ओढलं नाही. तीही तिथंच भर रस्त्यात, तिच्या शेजारी बसली, मिश्रीची डबी काढली, दातांना लावत राहिली. टांगे थांबले. टांगेवाले ओरडू लागले. "ओरडा," जमनाबाय म्हणाली, "आमाला वेळ लागतो." हरकू आपणहून उठली तेव्हा ती उठली.

कचेरीत आणखी एक माणूस बसला होता. कडक इस्त्रीची टोपी, सोबत दोन साक्षीदार. तलासरीच्या बाजूचा कौलारू घरवाला. पाड्यांवर त्याला सगळे धनी म्हणत. मीही तेवढंच लिहितो, कारण त्याची नातवंडं आज भली माणसं आहेत. त्यानं डॉक्टरांच्या बाजूनं जबाब दिला की ही मुलगी आमच्या रानात हिंडायची, श्वापदांनी वाढवलेली, गावानं पाहिलेलं आहे. वाघिणीची गोष्ट कुणी सोडून दिली होती ते मला त्या क्षणी कळलं, आणि तिला चांदणं आपण पुरवलं हेही.

मामलेदारांनी जमनाबायकडे पाहिलं. तिची कोंडी माझ्या लक्षात आली. मुलगी जंगलातली म्हणाली तर डॉक्टर नेणार. खरं सांगितलं तर हा टोपीवाला, म्हणजे बापच, नेणार.

जमनाबायनं कमरेचं गाठोडं सोडलं आणि त्यातून हातभर दावं काढून टेबलावर टाकलं. गुरं बांधतात तसलं, वळलेलं, एका टोकाला गाठ, दुसरं टोक कापलेलं.

"सायेब, वाघिनीला गाठ मारता येते काय?"

मामलेदारांनी ती गाठ बोटानं चाचपली.

"हे मी कोयत्यानं कापलं. हिच्या पायातून. पाय बघा."

मामलेदार खुर्चीवरून उठून वाकले. हरकूच्या डाव्या घोट्याभोवती कड्यासारखा वण होता. धनी म्हणाला, "दावी काय, घरोघर असतात."

"खरं बोलला," जमनाबाय म्हणाली. "म्हनून मी माझंच सांगते. तीन वर्सं मी ह्याच्या मागल्या दारी बसून सुकं विकलं. गोठ्यातून आवाज यायचा. पयल्या वर्सी मना वाटलं, करडू हाय. दुसऱ्या वर्सी वाटलं, करडू अजून करडूच कसं? तरी मी टोपली उचलली नि गेले. गिऱ्हाईक तुटेल म्हनून गेले. तिसऱ्या वर्सी उठून बघितलं. लिवा सायेब. पयला गुन्हा माझा लिवा, एक वर्साचा. मग ह्याचा लिवा."

तिचा आवाज कापत नव्हता. 

धन्याचा चेहरा उतरला. मग तुटक तुटक बाहेर आलं. बायको बाळंतपणात गेली, पोर मूळ नक्षत्रावरची, जोश्यानं तोंड बघू नको म्हणून सांगितलं, मागे एक म्हातारी सांभाळायची, ती मेली. पुढं कामाच्या रगाड्यात राहून गेलं. "राहून गेलं" हेच त्याचे शब्द. मग लोकांच्या नजरा बघून त्यानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "रक्त माझं आहे. मी घेऊन जातो माझी मुलगी."

मामलेदारांनी टाक उचलला. "मुलीचं नाव?"

त्यानं छताकडे पाहिलं, साक्षीदारांकडे पाहिलं. बाहेर टांग्याचे घुंगरू वाजत होते. नाव नव्हतंच, तर कुठून आणणार?

"हरकू," जमनाबाय म्हणाली. "बारसं झालंय. आळीनं घुगऱ्या खाल्ल्यात. विचारा मास्तरना."

मी उभा राहिलो. मी खाल्ल्यात म्हणालो. तो लेख मी लिहिला आणि त्यातली वाघीण खोटी आहे, अरण्य खोटं आहे, सगळं खोटं आहे, असंही म्हणालो. आपलं नाव ऐकून हरकू वळली असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण तशी सवय मी सोडली आहे. हरकू टेबलाचा पाय चाटून बघत होती.

डॉक्टरांनी आपले कागद गोळा केले. जाताना एवढंच म्हणाले, "हिला आता हलवू नका." मामलेदारांनी लिहिलं, पुढील हुकूम होईपर्यंत मुलगी जमनाबायकडे राहावी. पुढला हुकूम आजतागायत आलेला नाही.

धन्याला काय शिक्षा झाली? काहीही नाही. कागद वर गेले आणि वरच राहिले. गावात त्याचा मान होता तसाच राहिला, लग्नाकार्यात पहिला नारळ त्यालाच. या गोष्टीचा मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो, आणि वय झालं म्हणून तो निवावा अशी माझी इच्छा नाही.

माझी बदली झाली. हरकूबद्दल कुणी विचारलं तर मी चमत्काराची गोष्ट सांगत नाही. ती पूर्ण बोलली नाही, डॉक्टर खरे ठरले. पाठ सरळ झाली नाही. अनोळखी हात लागला तर ती चावायची सोडली, पण थरथरायची. तिला एकूण सात-आठ शब्द येत, त्यातले निम्मे मासळीचे. जमनाबायला ते पुरत.

सहासष्ट-सदुसष्टच्या सुमारास शाळा तपासणीच्या कामानं मी तलासरीला गेलो, तो आठवडी बाजाराचा दिवस होता. सुक्या मासळीच्या रांगेत जमनाबाय दिसली. गुडघे गेले होते, डोळ्यांत फूल पडलं होतं. ती मागे बांबूला टेकून बसली होती आणि पुढ्यात टोपली घेऊन हरकू बसली होती. सतरा-अठराची असेल. केस घट्ट बांधलेले, नजर खाली, हात जुड्या बांधण्यात गुंतलेले. मी "बाय" म्हणालो. जमनाबायनं आवाजावरून ओळखलं. "मास्तर! पोट सुटलं काय रे?"

आम्ही बोलत होतो तोच टोपलीसमोर धनी येऊन उभा राहिला. हातात काठी, टोपी तशीच कडक. त्यानं टोपली न्याहाळली. मग वाकला आणि एका जुडीला हात घातला.

हरकूनं जुडीवर आपला तळवा ठेवला. ती जाड कातडी अजून तशीच होती.

"घेऊ दे ना बाय," तो तिला म्हणाला, अगदी हळू.

"नाय."

हरकू स्पष्ट म्हणाली. आजूबाजूच्या दोन-चार विकणाऱ्या बायकांनी मान वळवली इतकं स्पष्ट. जमनाबायनं माझं मनगट पकडलं. "हा शब्द मी नाय शिकवला, मास्तर. देवाशपथ नाय शिकवला." तिच्या मिटत आलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती दात काढून हसत होती.

तो तसाच उभा होता. कुणी काही म्हणेल अशी वाट बघत असावा.

जमनाबायनं त्याच्याकडे तोंड केलं. "ऐकलं ना तू? मग बाजूला हो. बोंबलांवर सावली पडते."

तो बाजूला झाला.